एक रांग की तीन? एका ओपीडीतलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी विश्वस्त संस्थेचं एक रुग्णालय आहे. त्याचं नाव इथे देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. पुढे हिशेबासाठी जे आकडे येतील ते समजायला सोपे पडावेत म्हणून गोल धरलेले आहेत, रुग्णालयाच्या नोंदवहीतले नव्हेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच आहे. रांगांची ही पाहणी करणाऱ्या गटात मी होतो.

मेडिसिनच्या ओपीडीत तीन डॉक्टर बसायचे: एक ज्येष्ठ डॉक्टरीणबाई, ज्यांना सगळा तालुका ‘मोठ्या बाई’ म्हणतो, आणि दोन तरुण डॉक्टर. रुग्णाला तीन ठिकाणी थांबावं लागे. आधी केसपेपरची खिडकी, मग डॉक्टरांची केबिन, शेवटी औषधाची खिडकी. रक्त किंवा एक्स-रे निघाला तर आणखी एक फेरी.

केसपेपरच्या तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींवर पाट्या होत्या. पहिली ‘नवीन’, दुसरी ‘जुने’, तिसरी ‘ज्येष्ठ नागरिक व योजना’. या वाटणीला कारण होतं. जुने केसपेपर वर्षवार गठ्ठ्यांनी दुसऱ्या खिडकीमागच्या मांडण्यांवर ठेवलेले असत, त्यामुळे जुना कागद शोधायचा तर तिथल्याच माणसाने शोधायचा. तिसरी खिडकी नंतर सुरू झाली, म्हाताऱ्या माणसांना ताटकळत उभं राहावं लागू नये या चांगल्या हेतूने.

ओपीडी नऊला उघडायची. पहिल्या एसटीने येणारी माणसं साडेसहापासून हजर असत. रांगेत स्वतः उभं राहण्याऐवजी पिशवी, चप्पल, पाण्याची बाटली, काही नसेल तर दगड ठेवून नंबर लावायचा आणि समोरच्या टपरीवर चहाला जायचं, ही तिथली रीत. सोमवार आणि आठवडी बाजाराचा दिवस हे सर्वात गर्दीचे.

केबिनबाहेर वेगळीच पद्धत होती. रुग्णाने ज्या डॉक्टरांना दाखवायचं त्यांच्या दाराबाहेरच्या टेबलावर आपला केसपेपर ठेवायचा. सिस्टर चळतीतला वरचा कागद उचलून नाव पुकारायच्या. चळतीत मधेच कागद सरकवणारे हात नेहमीचे होते आणि ते कोणाचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अडचण

एका सोमवारी अकराच्या सुमारास ‘नवीन’ची रांग व्हरांडा ओलांडून पायऱ्यांपर्यंत गेली होती. त्या रांगेत तापाने फणफणलेलं मूल कडेवर घेऊन एक बाई उभी होती. त्याच वेळी तिसऱ्या खिडकीसमोर एकही माणूस नव्हता आणि आतला कारकून रजिस्टरची पानं आखत बसला होता. बाईने त्याच्याकडे कागद मागितला. त्याने पाटीकडे बोट दाखवलं. मागच्या दोघातिघांनी आवाज चढवला, खिडकीच्या जाळीवर हात आपटले गेले, आणि नेमके तेव्हाच एक विश्वस्त तिथून जात होते.

त्या कारकुनाचं काही चुकलं नव्हतं हे आधी सांगायला हवं. पाटीबाहेरचं काम केलं तर हिशेब त्याच्या नावावर चढायचा आणि जुना कागद द्यायचा म्हटला तरी तो त्याच्या हाताशी नव्हता. एका खिडकीत माणूस रिकामा आणि शेजारी पन्नास माणसं खोळंबलेली, असं घडावं हे त्या मांडणीतच ठरलेलं होतं. असा प्रसंग घडला की खापर माणसावर फोडलं जातं. इथेही पहिल्या बैठकीत बराच वेळ त्या कारकुनावरच बोलणं झालं.

बैठकीसमोर तक्रार आली ती अशी: ‘आपल्याकडे रांगा फार आहेत.’ या एका वाक्यात दोन निरनिराळी दुखणी होती. खिडकीपाशी लोक थांबत होते कारण हातांची वाटणी चुकीची होती. डॉक्टरांपाशी थांबत होते कारण तपासायची माणसं जास्त आणि डॉक्टरांची मिनिटं कमी होती. दोन्हींना ‘रांग’ म्हटल्यावर दोन्हींना एकच औषध सुचणं ओघानेच आलं. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

हिशेब काय सांगतो

रांगांच्या गणिताची सुरुवात टेलिफोनपासून झाली. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन कॉल कसे येतात याचं गणित मांडलं आणि १९१७ मध्ये किती लाइनी असल्या तर किती खोळंबा होईल याची सूत्रं दिली. तीच सूत्रं आजही खिडक्यांना लावता येतात.

तीन खिडक्या धरू. एका माणसाला सरासरी ३ मिनिटं लागतात, म्हणजे एक खिडकी तासाला २० माणसं हातावेगळी करू शकते. तासाला ५४ माणसं येतात. तिन्ही रांगा वेगळ्या असतील, प्रत्येकीत १८ माणसं येत असतील आणि कोणी रांग बदलत नसेल, तर खिडकीपाशी पोचेपर्यंत सरासरी २७ मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन खिडक्यांसाठी एकच रांग लावली तर तोच आकडा साधारण ८ मिनिटांवर येतो. माणसं तितकीच, कारकून तितकेच, कामाचा वेगही तितकाच. बैठकीत हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा कुणाचा विश्वास बसेना आणि तो पुन्हा करून दाखवावा लागला.

ही १९ मिनिटं येतात कुठून? एकच रांग असली की बाहेर कोणी थांबलेलं असताना आत कोणी रिकामं राहत नाही. फायदा एवढाच, आणि त्याची मर्यादाही यातच आहे. तिन्ही खिडक्या आधीच गच्च भरलेल्या असतील तर रांगा एकत्र केल्याने सरासरी थांबणं कमी होत नाही. कारण उघड आहे. वाचवायला रिकामा हात शिल्लकच नसतो. या रुग्णालयात नऊ ते साडेदहा नेमकी हीच स्थिती असायची. नऊ वाजता दार उघडेपर्यंत अडीच तासांची माणसं साठलेली असत. ती ओसरेपर्यंत एक रांग असो की तीन, सर्वांचं मिळून थांबणं तेवढंच. तेव्हा एका रांगेने मिळणार होता तो न्याय: आधी आला तो आधी जाईल. वेळेची बचत साडेदहानंतर दिसणार होती.

आणखी एक गोष्ट गणिताच्या पुस्तकात पटकन दिसत नाही. रांगा वेगळ्या असल्या, पण माणसं दिसेल त्या छोट्या रांगेत सरकू शकत असली, तर रिकामी खिडकी फार वेळ रिकामी राहत नाही. लोकच ती भरून काढतात. मग सरासरीत फारसा फरक उरत नाही, फक्त नंतर आलेला आधी जाण्याचे प्रसंग वाढतात. रोथकॉफ आणि रेक यांनी १९८७ मध्ये हाच मुद्दा मांडून सांगितलं होतं की रांगा एकत्र करणं दर वेळी फायद्याचं नसतं. आमच्या रुग्णालयात मात्र पाट्यांमुळे सरकायलाच बंदी होती. म्हणून इथला तोटा सूत्रातल्या तोट्याच्या जवळ जाणारा होता.

पुढे आलेले पर्याय

चौथी खिडकी उघडावी, ही पहिली सूचना. त्यासाठी माणूस नव्हता आणि ‘जुने’ची मांडणी एकाच खिडकीमागे असेपर्यंत चौथ्या माणसाचा उपयोगही थोडाच होता.

फोनवर वेळ द्यावी, ही सूचना एका तरुण विश्वस्तांची. शहरात ती चालली असती. इथे येणारी निम्मी माणसं एसटीच्या वेळेला बांधलेली. साडेअकराची वेळ दिली तरी ती सातलाच येणार, कारण त्यांच्या गावाहून नंतरची गाडी दुपारी असते. ही सूचना तिथेच सोडून दिली, ते योग्य झालं.

उरले दोन पर्याय. एक, फक्त केसपेपरच्या खिडक्यांना एक रांग लावायची आणि बाकी सध्या आहे तसं ठेवायचं. दुसरा, दारातच टोकन द्यायचं आणि खिडकी, डॉक्टर, औषध तिन्हीकडे टोकनच्या क्रमाने पुढचा माणूस जो रिकामा असेल त्याच्याकडे पाठवायचा.

दुसऱ्या पर्यायाचं पारडं जड झालं ते रेल्वेच्या उदाहरणाने. समितीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘आमच्या तरुणपणी रिझर्वेशनला प्रत्येक गाडीची वेगळी खिडकी असायची. चुकीच्या खिडकीत दोन तास उभं राहिलात तरी तिकीट नाही. संगणक आला आणि कुठल्याही खिडकीत कुठलंही तिकीट मिळायला लागलं.’ खरं आहे. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झालं आणि तिथून ते देशभर पसरलं. त्याआधी गाडीचं आरक्षणपत्रक ज्या बाबूच्या टेबलावर, त्याच्याच खिडकीत उभं राहावं लागे. उदाहरण चोख होतं, पण ते खिडकीपुरतंच लागू पडत होतं. तिकीट कोणी फाडलं याने प्रवाशाला काही फरक पडत नाही. आपल्याला कोणी तपासलं याने रुग्णाला पडतो. बैठकीत ही बाब एका सिस्टरांनी बोलून दाखवली होती. इतिवृत्तात तिची नोंद आहे, पण पुढे चर्चा झालेली नाही.

ठरलं ते असं: टोकन, सगळीकडे, एकदम.

खिडक्यांचं काम

ही बाजू छान जमली. त्यात खरी मेहनत टोकनच्या यंत्रावर झाली नाही, मांडण्यांवर झाली. जुने केसपेपर वर्षवार होते ते क्रमांकाच्या शेवटच्या दोन आकड्यांप्रमाणे लावले, म्हणजे कागद शोधायला ‘कुठल्या साली आला होतात’ हे विचारावं लागेना. मांडण्या तिन्ही खिडक्यांच्या मागे, मधोमध आणल्या. एक मामा फक्त कागद काढून द्यायला नेमले. तिन्ही कारकुनांना नवीन, जुने, योजना अशी तिन्ही प्रकारची कामं शिकवली. योजनेचे अर्ज भरायला वेळ जास्त लागायचा, म्हणून ते भरून घ्यायला बाजूला एक टेबल टाकलं आणि खिडकीवर फक्त शिक्का ठेवला.

एवढं झाल्यावर पाट्या काढल्या. यातली एकही गोष्ट आधी न करता नुसती पाटी काढली असती तर एका रांगेतला माणूस पहिल्या खिडकीवर पोचून ‘जुना कागद दुसरीकडे’ हे ऐकून परत फिरला असता. एकत्र रांगेची पूर्वअट हीच आहे की कुठलाही हात ते काम पुरं करू शकला पाहिजे. रेल्वेतही संगणकाने दिलं ते हेच.

ज्येष्ठांचं काय, हा प्रश्न उरला. त्यांची खिडकी गेली म्हणून दोन दिवस तक्रारी आल्या. मग टोकन असल्यामुळे उभं राहायचंच नाही, बाकावर बसायचं, हे लोकांना कळलं. पंचाहत्तरीपुढच्यांना आणि तान्हं मूल असलेल्यांना दारातच निराळ्या रंगाचं टोकन मिळू लागलं आणि ते आधी पुकारलं जाई. दगड आणि चपला दिसेनाशा झाल्या. साडेसहाला येणारा आता टोकन घेऊन चहाला जाऊ लागला आणि परत आल्यावर त्याला भांडावं लागेना.

डॉक्टरांच्या दाराशी

पहिल्या आठवड्यापासून केबिनबाहेर काहीतरी निराळंच चालू होतं. टोकन ४१ पुकारलं जाई आणि ४३ क्रमांकाचा माणूस उठे. सिस्टर आधी चिडल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की लोक आपसांत टोकन बदलताहेत. एका सकाळी मी बाकाच्या टोकाला बसून हे पाहत होतो. एका आजींचा नंबर आला तो दुसऱ्या केबिनला.

‘आजी, चला, दोन नंबरला आत.’

‘मोठ्या बाई न्हाईत व्हय तिथं?’

‘त्या एक नंबरला आहेत. इथे डॉक्टरसाहेब आहेत, चांगले आहेत.’

‘चांगलं असतील की. पर गोळी बाईंनी बदललीया, त्यास्नीच दावती. माझा नंबर मागं टाका.’

आणि शेजारच्या तरुणाला त्यांनी आपलं टोकन देऊन टाकलं. त्याला कोणीही चालणार होतं. अशी देवाणघेवाण दिवसभर चाले. कागदावर रांग एकच होती, पण लोकांनी स्वतःच्या तीन रांगा पुन्हा तयार केल्या होत्या, तेही कुणाला न दिसणाऱ्या.

जे टोकनप्रमाणे मुकाट आत गेले त्यांचं निराळंच झालं. तरुण डॉक्टरांसमोर असा रुग्ण येई ज्याला गेली दोन वर्षं मोठ्या बाई पाहत आल्या आहेत. केसपेपर चाळा, त्यांचं अक्षर लावा, मागची साखर किती होती ते शोधा, ही गोळी का बंद केली होती ते रुग्णाला विचारा. रुग्ण म्हणणार, ‘बाईंना माहितीय.’ अशा वेळी जबाबदार डॉक्टर काय करतो? पुन्हा रक्त तपासायला सांगतो, किंवा ‘पुढच्या वेळी बाईंनाच दाखवा’ म्हणून मागचीच औषधं लिहून देतो. पहिल्यात खर्च वाढतो, दुसऱ्यात एसटीचं भाडं वाया जातं. दोन्हीत डॉक्टरांची मिनिटं जातात.

किती मिनिटं गेली तर फायदा संपतो, हा प्रश्न इथे कळीचा आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडतो. तीन डॉक्टर, दर रुग्णाला ६ मिनिटं, तासाला २७ रुग्ण. वेगळ्या रांगांत सरासरी थांबणं ५४ मिनिटं, एका रांगेत १६. म्हणजे ३८ मिनिटांची बचत, आणि समितीला हाच आकडा दिसला होता. आता एकत्र रांगेमुळे अनोळखी रुग्ण समोर येतात आणि ६ मिनिटांऐवजी ६ मिनिटं २५ सेकंद लागतात असं धरा. एका रांगेतलं थांबणं पुन्हा ५४ मिनिटांवर जातं. सगळा फायदा पंचवीस सेकंदांत संपला. १० टक्के जास्त, म्हणजे ६ मिनिटं ३६ सेकंद लागली, तर सूत्र साडेतीन तासांहून मोठा आकडा देतं. ओपीडी चारच तासांची असल्याने प्रत्यक्षात ती वेळ तेवढी वाढणार नाही, पण दिशा कुठली ते कळतं. डॉक्टर जितके कामात बुडालेले, तितकी सेकंदांची किंमत जास्त.

अनोळखी केसपेपर चाळायला पंचवीस सेकंद पुरतात का, हे कुठल्याही ओपीडीत उभं राहून पाहावं.

वेग मंदावण्याचं दुसरंही एक कारण होतं, जास्त नाजूक. पूर्वी प्रत्येक डॉक्टरांना दाराबाहेरची आपली चळत दिसायची. ती संपली की आपलं काम संपलं. टोकन आल्यावर चळत नाहीशी झाली. जो लवकर तपासून मोकळा होई त्याला लगेच पुढचा रुग्ण मिळे, आणि संथ काम करणाऱ्याच्या वाट्याला आपोआप कमी येत. कोणी मुद्दाम रेंगाळलं असं मी म्हणणार नाही, मी तसं पाहिलेलं नाही. पण घाई करण्याचं कारण काढून घेतलं की माणसाचा हात सैल पडतो, हे कुठल्याही कामात घडतं. सॉंग, टकर आणि मरेल यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागाचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे रुग्ण आल्याआल्याच अमुक डॉक्टरांचा असं ठरवून दिल्यावर रुग्णांचा विभागातला मुक्काम सरासरी सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. रुग्ण आपला आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे डॉक्टर त्याच्या तपासण्या आणि जागा यांची व्यवस्था आधीपासून लावत होते. सगळ्यांच्या मिळून असलेल्या रांगेकडे तसं कोणी पाहत नाही.

दुसरा निर्णय

महिनाभरात पुन्हा बैठक झाली. दोन बाजू पडल्या. एक म्हणे, टोकन पुरतं बंद करा, जुनं बरं होतं. दुसरी म्हणे, लोकांना सवय लागू द्या, थोडी कडक अंमलबजावणी केली की होईल. टोकन बदलणाऱ्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमावा, अशीही सूचना आली.

कडक अंमलबजावणीची सूचना फेटाळली गेली याचा मला मनापासून आनंद आहे. टोकन बदलणारे लोक व्यवस्था मोडत नव्हते. स्वतःचं थांबणं वाढवून घेऊन ते आपल्याला काय हवं ते सांगत होते. पाऊण तास जास्त थांबेन पण माझ्या डॉक्टरांना दाखवेन, हे एखादी म्हातारी कृतीने सांगत असेल तर तिच्यासाठी ‘थांबण्याची वेळ’ हा एकच मोजमापाचा गज पुरेसा नाही.

शेवटी जे ठरलं ते मधलं होतं. केसपेपरच्या खिडकीवर एकच रांग कायम. तिथेच रुग्णाचा डॉक्टर ठरणार. जुना रुग्ण त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. नवीन रुग्णाला विचारायचं, आणि त्याला कोणीही चालत असेल तर ज्यांची यादी सर्वात लहान त्यांच्याकडे. प्रत्येक केबिनबाहेर त्या डॉक्टरांची यादी क्रमांकाने लावलेली, डॉक्टरांना आणि लोकांनाही दिसेल अशी. चळत गेली ती गेलीच, म्हणजे मधे कागद सरकवायला जागा राहिली नाही.

यात एक अडचण उरते, वेगळ्या रांगांची जुनी अडचण. डॉक्टरांना वॉर्डातून तातडीचं बोलावणं आलं की त्यांची यादी जागच्या जागी थांबते आणि शेजारचे डॉक्टर मोकळे होतात. त्यासाठी एक नियम केला. अकरा वाजता आणि कोणी डॉक्टर केबिन सोडून गेले की लगेच सिस्टरांनी याद्या पाहायच्या. जे फक्त महिन्याची ठरलेली औषधं लिहून घ्यायला आले आहेत त्यांना विचारायचं, ‘दुसऱ्या डॉक्टरांकडे चालेल का?’ विचारायचं, पाठवायचं नाही. बरेच जण हो म्हणत. ज्यांची गोळी नुकतीच बदलली आहे ते नाही म्हणत आणि त्यांचं नाही म्हणणं वैद्यकीयदृष्ट्याही बरोबरच होतं.

औषधाची खिडकी

इथे थोडक्यात. दोन खिडक्या एका रांगेवर आणि तिसरी फक्त दोन किंवा कमी औषधं असलेल्या चिठ्ठ्यांसाठी, असं केलं. मधुमेह-रक्तदाबाच्या महिन्याच्या औषधांची चिठ्ठी पट्ट्या मोजत बराच वेळ घेते, आणि तिच्यामागे तापाच्या सहा गोळ्यांसाठी मूल घेऊन उभं राहणं गैर होतं. कामं इतकी लहानमोठी असली की सगळं एकत्र केल्याने लहान कामवाल्यांचं नुकसान होतं. दुपारी गर्दी ओसरली की तिसरी खिडकीही सर्वांना खुली.

परिणाम

खिडकीपाशी भांडणं थांबली. साडेदहानंतर आलेल्याला केसपेपर जवळजवळ लगेच मिळू लागला. त्याआधी थांबणं फारसं कमी झालं नाही आणि ते होणारही नव्हतं. लोक बसून थांबू लागले आणि नंबर हुकण्याची भीती गेली, एवढा फरक पडला.

केबिनबाहेर टोकनची अदलाबदल बंद झाली. तरुण डॉक्टरांना आपले म्हणता येतील असे रुग्ण मिळू लागले, कारण नवीन रुग्ण त्यांच्या छोट्या याद्यांकडे वळत होते आणि पुढच्या खेपेला तेच रुग्ण ‘जुने’ म्हणून त्यांच्याकडेच येत होते. ही गोष्ट कुणी योजलेली नव्हती, पण सगळ्या बदलांत मला ती सर्वात मोलाची वाटते.

मोठ्या बाईंची यादी अजूनही सर्वात लांब असते आणि दुपारी त्या सर्वात उशिरा उठतात. पूर्वी हे केबिनबाहेरच्या चळतीत दडलेलं असे, आता ते भिंतीवर लिहिलेलं दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी, प्रत्येक टप्प्याचा निर्णय वेगळा घ्यायला हवा होता. ‘रुग्णालयात रांग एक असावी की अनेक’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘या खिडकीपाशी’ असं म्हटलं की उत्तर मिळतं. दोन प्रश्न पुरतात: हे काम तिघांपैकी कोणीही तितक्याच वेळात करू शकतो का, आणि कोणी केलं याने समोरच्याला फरक पडतो का.

दुसरं, थांबण्याच्या वेळेबरोबर तपासणीची वेळही पहिल्या दिवसापासून टिपायला हवी होती. टोकनवर आत जाताना आणि बाहेर येताना वेळ लिहिली असती तर पंचवीस सेकंदांची वाढ पहिल्या दोन दिवसांत कळली असती, त्यासाठी महिना लागला नसता. थांबणं कमी झालं का, एवढंच पाहिलं तर काम मंदावलंय हे फार उशिरा लक्षात येतं.

तिसरं, खिडक्यांचा बदल आधी करून तो बसू द्यायचा आणि मगच केबिनकडे वळायचं. दोन्ही एकदम केल्याने खिडकीपाशी मिळालेलं यश केबिनबाहेरच्या कटकटीत झाकलं गेलं आणि चांगला झालेला अर्धा भागही रद्द होण्याची वेळ आली होती.

चौथं, सिस्टरांचं बोलणं. ज्या सिस्टर रोज दाराशी नावं पुकारत होत्या त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं की लोक डॉक्टर बघून बसतात. गणित मांडणाऱ्याने ते वाक्य उचलून विचारायला हवं होतं: अशी माणसं किती, ती का थांबतात, नवीन किती, जुनी किती? फळ्यावरच्या आकड्यात ‘कुठलाही रुग्ण कुठल्याही डॉक्टरला सारखाच’ हे गृहीत धरलेलं होतं आणि त्या सिस्टर नेमकं तेच खोडून काढत होत्या.

पुढच्या वर्षी मोठ्या बाई निवृत्त होतायत. त्यांची यादी दोघा तरुण डॉक्टरांत कशी वाटायची यावर सध्या विचार चालू आहे. समान संख्येने वाटा असं एक मत. दुसरं मत असं की शेवटचे सहा महिने बाईंनी दर जुन्या रुग्णाला स्वतः एका डॉक्टरांच्या केबिनपर्यंत सोपवून द्यावं, कोणाला कोणाकडे हे त्यांनीच ठरवावं आणि केसपेपरवर बदललेल्या प्रत्येक औषधाचं कारण वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवावं. मी दुसऱ्या बाजूने आहे. त्याला बाईंची रोजची अर्धा तास जास्त मेहनत लागेल, आणि तेवढा वेळ त्यांच्या यादीतून आत्ताच कमी करायला हवा, म्हणजे पुढच्या महिन्यापासून नवीन रुग्ण त्यांच्याकडे पाठवणं बंद करावं लागेल. विश्वस्तांनी अजून त्यावर होकार दिलेला नाही.